वाकणारी माणसं

रस्त्यावरचं कुत्रं अंगावर आलं तर दगड मारावा लागत नाही. दगड उचलायला वाकल्यासारखं केलं की पुरतं. खाली दगड नसला तरी ते पळतं. हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. या युक्तीची दुसरी बाजू मला आमची कुत्री मेथी घरी आल्यावर दिसली. घरात माणूस दिवसभर वाकतच असतो. पेपर उचलायला, चपला सरकवायला, केर भरायला, सांडलेलं पुसायला. आमचा तर दिवसच वाकण्यानं उजाडतो, कारण आई पहाटे ओट्यावर रांगोळी काढते. आणि कुणीही वाकलं की जिन्याखाली मेथी जमिनीला चिकटून थरथरायची. कधी कधी तिथंच मुतायची.

ऑगस्ट 2024 च्या पुरात विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली होती. बडोद्याचे कितीतरी भाग पाण्याखाली होते, सोसायट्यांमध्ये मगरी निघत होत्या. त्या दिवसांत समा भागातल्या एका अर्धवट बांधकामाच्या जिन्यावर ही अडकलेली सापडली. पोरांनी जाळी टाकून पकडली. नसबंदी झाली, रेबीजची लस झाली, नसबंदीची खूण म्हणून कानाला छोटासा काप घेतला गेला. नंतर एका कॉलेजातल्या मुलीनं तिला स्वतःच्या खोलीत ठेवलं. फटाके संपेपर्यंत घर बदलायचं नाही, असा त्या मुलीचा हट्ट होता, आणि तो शंभर टक्के योग्य होता. म्हणून आमच्या दांडिया बाजारातल्या घरी ती आली ती देवदिवाळी उलटल्यावर. डॉक्टरांनी दात बघून वय दीडेक वर्ष सांगितलं. नाव लेकीनं ठेवलं. आई म्हणाली, "पालेभाजीचं नाव कुत्र्याला? उद्या भाजीवाला ओरडला की धावत जाईल." धावत जायची ती अवस्थाच नव्हती.

जो येईल तो म्हणायचा, "हिला कुणीतरी फार मारलं असणार." असेलही. पण आमच्या डॉक्टरांनी वेगळंच सांगितलं. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत जग ओळखायला शिकतं. त्या काळात माणसांचा हात, आवाज, वास चांगल्या अर्थानं आला तर माणूस त्याच्या हिशेबात बसतो. तो काळ माणसांपासून लांब गेला तर पुढे कुणी बोटही न लावता कुत्रं आयुष्यभर बिचकू शकतं. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. कुणा अज्ञात खलनायकाचा राग करत बसायची गरज उरली नाही. त्यांनी रक्तही तपासायला लावलं, कारण पुरानंतर गोचीडताप पुष्कळ कुत्र्यांना झाला होता. अंग दुखत असलं तरी कुत्रं हात लावू देत नाही, आणि आपण ते भीतीच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. मेथीचा रिपोर्ट स्वच्छ आला.

आमचं घर जुनं, लांबट, एकामागे एक खोल्या आणि शेवटी परस. जिन्याखालच्या कोनाड्यात आजीच्या वेळचे हंडे-कळशा होत्या, त्या माळ्यावर गेल्या आणि तिथं गोधडी अंथरली. तीन बाजूंनी भिंत, एका बाजूनं बाहेर बघायची सोय. नियम दोनच. कोनाड्यात कुणी डोकवायचं नाही. आणि रस्त्याचं दार व मधलं दार एकाच वेळी उघडं ठेवायचं नाही. घाबरलेलं कुत्रं निसटलं तर हाक मारून परत येत नाही, हाक मारणाऱ्यापासूनच लांब पळतं. आमच्या दारासमोरून रिक्षा, टेम्पो, ॲक्टिव्हा अखंड वाहतात, त्यामुळे दुसऱ्या नियमाला अपवाद नव्हता. पोस्टमनला सुद्धा.

पहिला नियम पाळणं फार जड गेलं. मराठी घर, त्यात शेजार गुजराती. प्रेम म्हणजे खायला घालणं, हाक मारणं, गाल ओढणं. शेजारच्या मासी रोज गाठिया घेऊन यायच्या, खाली बसून "आव बेटा, आव आव" करायच्या. मेथी भिंतीत शिरायचं बाकी ठेवायची. मासींना मी सांगितलं, गाठिया मला द्या आणि पाठ करून बसा. त्यांना ते कुत्र्याचा नाही, स्वतःचा अपमान वाटला. दोन दिवस त्या आल्याच नाहीत, मग आल्या आणि खरंच पाठ करून बसल्या, पण तोंड चालू होतं. ते चालतं. एकसुरात चाललेल्या बोलण्याची कुत्र्याला अडचण नसते. माणसानं रोखून बघणं, समोरून चालत येणं, वरून हात आणणं, या तीन गोष्टींची असते, आणि कुत्र्याशी ओळख करायला निघालेला माणूस नेमक्या याच तीन गोष्टी करतो.

इंटरनेटवर एक सूत्र सारखं भेटतं: तीन दिवसांत कुत्रं सैलावतं, तीन आठवड्यांत रुळतं, तीन महिन्यांत घरचं होतं. साध्या कुत्र्याला ते लागू पडत असेल. मेथीसारखीच्या बाबतीत मी ते सूत्र फेकून द्या असंच सांगेन. ते वाचलेला माणूस कॅलेंडर बघायला लागतो, आणि कॅलेंडर बघणारा माणूस घाई करतो.

ती खायची दिवे मालवल्यावर. परसात जायची तीही मध्यरात्री. दिवसा आम्हाला दिसायचं ते नाक आणि दोन डोळे. तेवढ्यावरून वाचायला शिकावं लागलं. शेपूट पोटाशी गेली की कुत्रं घाबरलंय हे सगळ्यांना कळतं, पण ती फार उशिराची खूण. तिच्या आधी बारीकसारीक बरंच होऊन गेलेलं असतं. समोर खायला नसताना ओठ चाटणं. झोप आलेली नसताना जांभई. तोंड एका बाजूला फिरवून डोळे मात्र आपल्यावर ठेवणं, त्यामुळे डोळ्याच्या कडेला पांढरं दिसायला लागतं. यातलं काही दिसलं की आम्ही दोन पावलं मागे जायचो. आणि ताण सरल्यावर ती भिजल्यासारखं अंग झटकायची. पहिल्यांदा ते झटकणं दिसलं तेव्हा लेकीनं शाळेतला निकाल सांगावा तसं फोन करून मला ऑफिसात सांगितलं.

खाऊ कसा द्यायचा यातही शास्त्र आहे. सगळे हातावर धरून पुढे करतात. त्यात होतं असं की भूक पुढे ओढते आणि भीती मागे. कुत्रं मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून कसंबसं घास घेतं. घास संपतो आणि त्याला भान येतं की आपण माणसाच्या फार जवळ उभे आहोत. पुढच्या वेळी ते आणखी लांब राहतं. म्हणून तुकडा तिच्या पलीकडे, मागे टाकायचा. म्हणजे खाऊही मिळतो आणि आपल्यापासून लांब जायला मिळाल्याची सुटकाही. मग परत वळायचं की नाही ते तिचं तिनं ठरवायचं. मी जमिनीवर तिरका बसून पेपर वाचायचो, मोठ्यानं, अग्रलेखासकट, आणि मधूनमधून न बघता तुकडा मागे भिरकावायचो. सीकेप्यांच्या घरात उकडलेल्या कोंबडीचा तोटा नाही, पण आईचा गुरुवार कडक. गुरुवारी पनीर. मेथीनं पनीर नाकारलं नाही, फक्त गुरुवारी ती थोडी लांबून परत यायची.

आता आई. आईला कुत्री आवडत नाहीत. आवडत नाहीत म्हणजे तिच्या लेखी ती नसतातच. मेथीकडे तिनं कधी बघितलं नाही, हाक मारली नाही, खायला घातलं नाही. देवपूजा, वरण, झोपाळा, रेडिओ, आपल्या वेळापत्रकाप्रमाणे ती घरात फिरायची. आणि कोनाड्यातून बाहेर येऊन मेथी पहिल्यांदा कुणाजवळ जाऊन बसली असेल तर झोपाळ्याखाली, आईच्या पायांपासून हातभर अंतरावर. आम्ही तिघं जमिनीवर बसून कोंबडी उधळत होतो आणि ही बाई काहीच न करता जिंकली. मला याचं आश्चर्य वाटलं, डॉक्टरांना मुळीच नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या भित्र्या कुत्र्यांची निम्मी कहाणी अशीच असते म्हणे: घरात ज्याला काही नको असतं, त्याच्याकडे कुत्रं आधी जातं.

पण तीच आई रांगोळीला वाकली की मेथीचा जीव जायचा. म्हणून धडा तिथूनच सुरू करायचं ठरलं.

मधल्या खोलीच्या पार मागच्या टोकाला मेथी, तिच्याजवळ वाटी घेऊन लेक, आणि समोर उघड्या दारातून दिसणारा ओटा. रस्त्याकडे जाळीचं तात्पुरतं फाटक लावलेलं. आई वाकली की लेकीनं तुकडा टाकायचा. आई ताठ झाली की वाटी बंद. एवढंच. क्रम मात्र उलटा होऊन चालत नाही. आधी तुकडा आणि मग वाकणं असं झालं तर तुकडा ही धोक्याची सूचना ठरते आणि कुत्रं खायचंच सोडतं. आधी वाकणं दिसलं पाहिजे, मग लगेच तुकडा. पाव्हलॉव्हनं घंटेचं काय केलं ते शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. इथं घंटेच्या जागी आमची आई होती. सुरुवातीला तेवढं अंतरही पुरेना, मेथी तुकड्याकडे बघायचीच नाही. खायला नकार म्हणजे धडा फार अवघड झाला, इतका साधा मापदंड. मग आईला सांगितलं, पूर्ण वाकू नकोस, नुसती गुडघ्यांवर हात ठेवून थोडी झुक. "या वयात मला अर्धवट वाकायला शिकवतोयस," आई म्हणाली, पण झुकली. नाव न घेता तिनं त्या कुत्रीसाठी केलेलं हे पहिलं काम.

रोज थोडाच वेळ, रांगोळी पुरी होईपर्यंत. आईनं त्या काळात ठिपक्यांची मोठी रांगोळी सोडून लहान स्वस्तिक, गोपद्म एवढ्यावर भागवलं. आणि एका सकाळी आई वाकली तेव्हा मेथी दचकली नाही. तिनं मान वळवून लेकीच्या हातातल्या वाटीकडे बघितलं. वाकणं झालं, आता माझं कुठंय? ज्यानं हे केलंय त्याला त्या एका नजरेची किंमत कळेल. त्यानंतरच आम्ही तिला एकेक फरशी पुढे येऊ दिलं.

यातून आईचं वाकणं सुटलं. माझं सुटलं नाही. कुत्र्याला एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे लावता येईलच असं नाही, आणि वाकणारी बाई वेगळी, वाकणारा बुवा वेगळा. बायकोचं वाकणं, भांडीवालीचं, माझं, प्रत्येकाचा धडा नव्यानं घ्यावा लागला. प्रत्येक वेळी आधीपेक्षा लवकर जमला हे खरं. माझा सगळ्यात शेवटी. पुरुष, उंच, हेल्मेट घालून येणारा, आवाज जाड. मी बसलेलो असलो की ती आता जवळ यायची, पण मी उठलो की कोनाडा. बसलेला मी आणि उभा मी ही तिच्या दृष्टीनं दोन माणसं होती. त्यावर उपाय सापडला तो बोलण्याचा. उठायच्या आधी म्हणायचं, "उठतो हं." मग क्षणभर थांबायचं, तुकडा लांब टाकायचा, ती तिकडे वळली की उठायचं. पुढे काय होणार हे आधी कळलं तर भीती पुष्कळ कमी होते. कुत्र्याचं काय, डेंटिस्टच्या खुर्चीत बसून बघा. आता घरात सगळ्यांना सवय लागलीय. मी ऑफिसातल्या मीटिंगमध्ये सुद्धा एकदा "उठतो हं" म्हणून उठलो.

हात लावायला आम्ही फार वेळ लावला, त्याबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. डोक्यावरून नाही, छातीवर किंवा हनुवटीखाली. दोन-तीन सेकंद खाजवायचं आणि हात काढून घ्यायचा. ती पुढे सरकली तर पुन्हा. नाही सरकली तर तो नकार. बस्स.

ठाण्याहून एक पाहुणे आले होते, लग्नाला. "मला कुत्री लगेच ओळखतात," असं म्हणणारी माणसं मला तेव्हापासून नकोशी झालीत. सांगून सुद्धा ते कोनाड्यापाशी उकिडवे बसले आणि हात आत घातला. मेथी गुरगुरली. पाहुणे ओरडले, "अंगावर येते! एक द्या ठेवून!" मी त्यांना आधी बाहेर नेलं आणि चहा दिला. गुरगुरणं ही कुत्र्यानं दिलेली नोटीस असते. ती दिल्याबद्दल त्याला मारलं तर पुढच्या वेळी ते नोटीस देत नाही, सरळ चावतं, आणि मग लोक म्हणतात की न सांगता चावलं. त्या प्रसंगानंतर मेथी काही दिवस पुन्हा रात्रीच जेवायला लागली. आम्ही पुन्हा लांब बसून अग्रलेख वाचले. पाहुण्यांसाठी मधल्या दाराला कडी, हा तिसरा नियम झाला.

बाहेर न्यायला लागलो तेव्हा अंगात हार्नेस आणि गळ्यात मार्टिंगेल पट्टा, दोन्हीला वेगवेगळ्या दोऱ्या. साधा पट्टा मागे ओढून डोकं काढून घ्यायला भित्र्या कुत्र्याला निमिष पुरतं. मार्टिंगेल ओढला की तेवढ्यापुरता आवळतो आणि डोक्यावरून निघत नाही. पहाटे, दूधवाले निघण्याआधी, स्कूटरवरून नाही तर मोटारीत मागच्या सीटखाली बसवून पोलो ग्राउंडच्या बाजूला. तिथं लोक चालायला येतात आणि बुटाच्या नाड्या बांधायला वाकतात. आम्ही लांबून वाकणारी माणसं शोधत हिंडायचो. एकदा एका आजोबांनी विचारलं, तुम्ही काही हरवलंय का?

आवाजांची गोष्ट वेगळी. वाकण्याची भीती तुकड्यांनी गेली, फटाक्यांची इतकी सहज जात नाही. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला 45,000 च्या आसपास. आमच्यापर्यंत नवरात्रात नवलखी मैदानावरच्या गरब्याचा ढोल येतो, गणपतीला डीजे, आणि बडोद्याची उत्तरायण म्हणजे दोन दिवस गच्च्यांवरून भोंगे, पिपाण्या, थाळ्या, "कायपो छे" आणि संध्याकाळी आतषबाजी. पहिल्या उत्तरायणला ती नवी होती. आम्ही गच्चीवर गेलोच नाही. लेकीनं पतंग चुलतभावाला देऊन टाकले आणि उंधियु खाली मागवला. पुढच्या दिवाळीआधी महिनाभर डॉक्टरांना गाठलं. त्यांनी औषध दिलं आणि आधी साध्या, शांत दिवशी एकदा देऊन बघायला लावलं: किती वेळानं लागू पडतं, गुंगी किती येते. पूर्वी अशा वेळी एसीप्रोमझीन या गुंगीच्या औषधाची गोळी सर्रास द्यायचे. त्यानं अंग ढिलं पडतं, पण आतली भीती तशीच राहते. कुत्रं पळू शकत नाही एवढंच. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय शेजाऱ्यानं सुचवलेली गोळी देऊ नये.

दिवाळीत तिची जागा ठरली न्हाणीघर. जुन्या घराचं न्हाणीघर, खिडकी झरोक्याएवढी, भिंती हातभर जाड. एक्झॉस्ट फॅन चालू, रेडिओ चालू, गोधडी आत. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर त्याची भीती वाढते, असं लोक अजूनही ठासून सांगतात. भीती ही काही बसण्या-उठण्यासारखी करून दाखवायची गोष्ट नाही की शाबासकी दिल्यानं वाढावी. ती जवळ आली तर जवळ घ्यावं, नाही आली तर बसावं शेजारी. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी आत जमिनीवर बसलो होतो. ती औषधानं जराशी जडावलेली, पण जागी. बाहेर लड लागली तेव्हा उठून माझ्या मांडीवर चढली, अख्खी, अठरा किलो. माझ्याच. उंच, जाड आवाजाच्या माणसाच्या. दाराबाहेरून आई म्हणाली, "प्रसाद आत देऊ का बाहेर येताय?" दोघांनाही आत दिला. बेसनाचा लाडू तिला चालतो. बेदाणे मात्र काढून, कारण द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात.

आज ती घरातल्या चौघांशी आणि मासींशी मोकळी आहे. मासी अजून पाठ करूनच बसतात, आता सवयीनं, आणि मेथी मागून येऊन त्यांच्या पदराला नाक लावते. भांडीवालीसमोर ती झोपते, पण पोट दाखवून नाही. पाहुणे आले की कोनाड्यात जाते आणि तिथंच राहते, ते तसंच राहील असं मला वाटतं. सगळ्यांच्या अंगावर उड्या मारणारं कुत्रं ज्यांना हवं असतं त्यांना आम्ही पहिल्यापासून दुसरं पिल्लू बघायला सांगतो. चादर झटकली की ती अजून पळते. जाळीची आठवण असेल किंवा नसेल. आम्ही चादरी गच्चीवर झटकतो.

होळीनंतर घराला रंग काढायचाय. रंगारी म्हणजे अनोळखी पुरुष, उंच शिडी, बादल्या, आणि दिवसभर वाकणं. परसात शिडी महिनाभर आधीच आणून आडवी ठेवलीय. मेथीनं तिचा वास घेऊन झाला, आता ती उभी केलीय आणि खालच्या पायरीवर तुकडे ठेवतो. रंगाऱ्याला बोलावून सगळं समजावून सांगितलं: तिच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही, जवळ जायचं नाही. तो पान चघळत शांतपणे ऐकत होता. म्हणाला, "साहेब, हुं तो भींत ज जोवानो छुं ने." मी तर भिंतच बघणार ना.